गाडीचं घुंगरू

दीपचंद नानांच्या पोराने घर सोडलं ते एका खेळण्यापायी, असं जळगावात कोणी म्हणत नाही. सगळे म्हणतात, पोराला वैराग्य आलं. आलं होतंच की, नाही कोण म्हणतंय? पण आलेलं वैराग्य परत जायला निघालं होतं, पार उंबऱ्याशी पोचलं होतं. त्याला हाताला धरून पुन्हा आत कोणी आणलं, ते नानांना आणि आणखी एकाच माणसाला ठाऊक आहे.

नानांचं पाइपांचं आणि पंपांचं दुकान. माणूस मनाने वाईट नव्हे, पण घायकुता. चहाला उकळी फुटायच्या आत गाळायला निघायचे, गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत भाव सांगून मोकळे व्हायचे. घरात मारवाडी, दुकानात मराठी आणि खेड्यावरच्या माणसाशी अहिराणी, तिन्ही बोलींत घाई तीच. एकुलता एक मुलगा अभयकुमार मात्र बापाच्या अगदी उलट. कॉलेज करून दुकानात बसला होता, पण त्याचं लक्ष दुकानात नसायचं. पंप विकण्यापेक्षा उघडून बघण्यात त्याला गोडी. नाना वैतागायचे, "विकायचंय का खोलायचंय?"

अभयचे रुपचंदमामा जपानात मोत्यांचा व्यापार करायचे. अठ्ठ्याहत्तर साल असावं, किंवा त्याच्या आगेमागे. ते दिवाळीला आले तेव्हा भाच्यासाठी एक गाडी घेऊन आले. शर्यतीची फॉर्म्युला गाडी असते ना, थेट तसली, पण उशीएवढी. निमुळतं नाक, पिवळाजर्द रंग, चाकं अंगाबाहेर, मागची टायरं रुंद स्पंजची. वायर नाही, दोरी नाही. हातात एक डबा, डब्याला लांब एरियल, दोन दांड्या, एक वळवायची आणि एक वेगाची. रेडिओच्या लहरींवर गाडी पळायची. अख्खी गल्ली बघायला लोटली होती. नाना तेवढे म्हणाले, "एवढ्या लांबून आणलं ते खेळणंच?"

अभयने ते खेळणं उघडलं आणि मग त्याला दिवस पुरेनासा झाला. गाडी डावीकडे ओढायची, म्हणून पुढची जोडदांडी सरळ केली. टायरं पॉलिश पेपरवर घासून सारखी केली, मागचा आस जरा खाली घेतला. नानांच्या एका मेव्हण्यांच्या जिनिंगमध्ये कापूस वाळवायचं फरसबंद अंगण होतं, हंगाम नसला की मोकळं पडलेलं, तिथे तो ती पळवायचा. सोबतीला कौतिक. हा कौतिक धुळ्याकडचा, नशिराबादच्या रस्त्यावर मोटरी रिवाइंड करायचं त्याचं दुकान होतं आणि नानांच्या पंपांचं काम त्याच्याकडेच असायचं.

त्या अंगणात सरकी सांडलेली असायची आणि सरकीवर खारी. गाडीला आवाज म्हणून नाही. एकदा गाडी एका खारीच्या शेपटीला घासून गेली आणि अभयचा चेहरा पांढराफटक पडला. दुसऱ्या दिवशी त्याने बाजारातून, पोळ्याला बैलाला बांधतात तसलं घुंगरू आणलं आणि गाडीच्या नाकाखाली, आतल्या बाजूला, एका पेचाने बसवलं.

कौतिक हसला. "भाऊ, पोयाना बैल शे का हाई?"

"तिचा आवाज येत नाही ना, कौतिकभाऊ. मुक्या जिवांना कळायला नको?"

आणि खरंच, गाडी छुमछुम करत आली की खारी शेपट्या फुलवून झरझर कडेच्या कडुलिंबावर चढायच्या. अभयला त्याचंच जास्त कौतुक. गाडी किती पळाली ते तो आईला सांगायचा नाही, खारी कशा पळाल्या ते सांगायचा.

पुढच्या पावसाळ्यात चातुर्मासासाठी जैन स्थानकात महाराज उतरले. प्रेमकुंवरबाई, म्हणजे अभयची आई, रोज व्याख्यानाला जायच्या. अभय त्यांना सोडायला जायचा, मग थांबायला लागला, मग आईच्या आधी जाऊन बसायला लागला. गाडी ट्रंकेत गेली. पंख्याखाली बसणं सुटलं. आणि पर्युषण झाल्यावर एके दिवशी ताटावरून उठता उठता तो म्हणाला, "बाबूजी, मला दीक्षा घ्यायची आहे. आज्ञा द्या."

जैन साधू होणं म्हणजे काय, हे नानांना कोणी सांगायला नको होतं. जन्मभर अनवाणी चालायचं, वाहनाला पाय लावायचा नाही, विजेला-विस्तवाला हात लावायचा नाही. पोटाला घरोघर मिळेल ते, आणि तेही निर्दोष असेल तरच. साधू दारात आले की घरात कोणी नळ सोडायचा नाही, बत्तीचं बटण दाबायचं नाही. दाबलं तर त्या घरचा घासही ते त्या दिवशी घेत नाहीत. नाना लहानपणापासून हे पाळत आले होते. आणि एकदा घर सोडलं की आई आई राहत नाही, बाप बाप राहत नाही. पण आई-बापाच्या आज्ञेशिवाय दीक्षा होत नाही. नानांच्या हातात होती ती एवढीच गोष्ट.

"माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही!" नाना ओरडले.

अभय भांडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता "बरं" म्हणाला आणि हात धुवायला गेला. ते "बरं" ऐकून नानांची पाचावर धारण बसली.

त्यांनी काय काय नाही केलं? मुली दाखवल्या, धाक घातला, रडले. शेवटी धुळ्याहून बहिणीचा, हीराबाईंचा, निरोप आला की त्यांच्या देवपुरात दिवाळीनंतर प्रदर्शन भरतंय आणि त्यात असल्या गाड्यांची शर्यत आहे, मुंबई-नाशिकचे हौशी लोक येणार आहेत. नानांनी स्वतः ट्रंक उघडली आणि गाडी काढून अभयच्या पुढे ठेवली.

"माझ्यासाठी एवढी शर्यत कर. कार्तिकी पुनवेला महाराज विहार करून पुढच्या गावी निघतील, त्याच्या आधी होते ती. त्यानंतर जे मागशील ते देईन. माझा शब्द."

अभयने गाडी हातात घेतली. मग बोटाने घुंगरू हलवलं. "बरं," म्हणाला, पण या वेळचं "बरं" वेगळं होतं, जरा हसरं.

नाना आयुष्यात कधी पोराजवळ मांडी घालून बसले नव्हते. आता रोज दुकान गड्यावर सोडून जिनिंगच्या ओट्यावर बसायला लागले. पेचकस धरायला शिकले. आणि घाई तर अंगातच, दिसेल तो पेच करकचून आवळायचे. अभय त्यांचा हात धरायचा. "बाबूजी, चाकाचा पेच पुरता आवळायचा नाही. अर्धा आटा मोकळा ठेवायचा, नाहीतर चाक अडतं." नाना अर्धा आटा मोकळा ठेवायचे, आणि पोराची पाठ वळली की हळूच पुन्हा आवळायचे. अभय न बघता म्हणायचा, "आवळलात ना?" आणि बापलेक खो खो हसायचे. घरात ते हसणं ऐकू यायचं नाही म्हणून प्रेमकुंवरबाई शेवया, चिवडा असलं काहीबाही घेऊन मुद्दाम जिनिंगवर यायच्या आणि लांबूनच ऐकत उभ्या राहायच्या.

दिवाळीच्या तोंडावर एक दिवस त्यांनी नानांना आत बोलावलं. डोळे भरून आलेले, पण चेहरा उजळलेला.

"अभय म्हणत होता, धुळ्याहून आलो की गुरुमहाराजांना सांगतो, माझं मन अजून पिकलं नाही. एवढ्यात नको. दुकानात बसेन म्हणाला."

नाना किती तरी वेळ नुसता नवकार मंत्र म्हणत राहिले.

अहो, झालं होतं की! इथे माणसाने हात जोडून गप्प बसायचं. पण गप्प बसेल तो घायकुता कसला? नानांच्या व्यापारी डोक्याने घेतलं की सौदा तोंडी ठरलाय, अजून पक्का झालेला नाही. शर्यत जिंकली की पक्का. जिंकली की पोराला चटक लागेल, पुढच्या वर्षी मुंबई, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कुठे. मग कुठली दीक्षा न काय! धुळ्याला जायच्या आदल्या दिवशी अभय व्याख्यानाला गेलेला बघून नाना गाडी काखोटीला मारून कौतिककडे गेले.

"कौतिकभाऊ, मोटर खोल. तार बदल. अशी पळव की मुंबईवाल्यांनी तोंडात बोट घालावं."

कौतिकने मोटर उघडली. बारीक तार काढून जाड तार भरली, वेटोळी कमी केली. मग दुकानापुढच्या रस्त्यावर गाडी सोडली तर ती पिवळी रेघ ओढल्यासारखी गेली. कौतिकच हबकला. "नाना, इतली पयाडीसन काय करनं शे?"

नानांच्या अंगात आनंद मावेना. पण एवढ्या वेगात घुंगरू थडथड उडत होतं आणि त्याच्या हिसक्याने नाक हलत होतं. नानांनी गाडी उलटी केली आणि पेचकस लावला.

"ऱ्हाऊ द्या ना, नाना," कौतिक म्हणाला. "पोऱ्यानी बांधेल शे ते."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे. शर्यत झाली की मीच लावतो परत."

आणि ते घुंगरू नानांनी आपल्या काळ्या कोटाच्या खिशात टाकलं.

धुळ्याला हीराबाईंच्या घरी मुक्काम झाला. सकाळी बापलेक पांझरेच्या अंगाला प्रदर्शनाच्या मैदानावर गेले. शर्यत दुपारी होती. मैदान मोकळं, चुन्याच्या रेघा मारलेल्या, कडेला लिंबाची झाडं, आदल्या दिवशीच्या गर्दीने टाकलेली शेंगांची टरफलं. अभयने गाडी खाली ठेवली, एरियल ओढलं, दांडी पुढे केली.

गाडी सुटली. अभयचं तोंड उघडंच राहिलं.

"बाबूजी! काय केलंत हिला?"

"कौतिकने तार बदलली," नाना म्हणाले. तुम्हाला सांगतो, त्या वेळचा अभयचा चेहरा नाना मरेस्तोवर विसरायचे नाहीत. लहानपणी खांद्यावर बसून जत्रेत जाताना असायचा तसा. त्याने एक फेरी मारली, दुसरी मारली, मोठ्याने हसला. म्हणाला, "पुढच्या वर्षी आपण हिचा तळच नवा करू." पुढच्या वर्षी! नानांनी ते ऐकलं आणि डोळे मिटले.

तिसऱ्या फेरीला अभय म्हणाला, "पण बाबूजी, हिचा आवाज का..."

लिंबाखाली एक खार पाठमोरी बसून शेंग फोडत होती. तिला काही ऐकूच आलं नाही. अभयने दांडी मागे ओढली, पण नव्या वेगाची त्याला सवय नव्हती. गाडी तिच्यावरून गेली आणि झाडाला धडकून उलटी पडली. चाकं फिरतच राहिली.

अभय धावला. खार अजून धुगधुगत होती. त्याने ती ओंजळीत घेतली, मांडी घालून खाली बसला आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन नवकार म्हणायला लागला. मरणाऱ्या जिवाला नवकार ऐकवावा, म्हणजे त्याची पुढची वाट सुखाची होते, हे त्याला आईनेच शिकवलं होतं. नाना बाजूला उभे होते. खार कधी गेली ते त्यांना कळलं नाही. पोर मात्र बराच वेळ म्हणतच राहिलं.

मग त्याने गाडी हातात घेऊन नाकाखाली पाहिलं.

"बाबूजी, घुंगरू कुठंय?"

घुंगरू नानांच्या खिशात होतं. नानांचा हात आपोआप खिशात गेला आणि त्याच्यावर घट्ट मिटला.

"पडलं असेल कुठे रस्त्यात," ते म्हणाले.

अभयने मान हलवली. "पडलं नाही, पाडलं. माझाच पेच ढिला राहिला. मीच सारखा म्हणतो ना, अर्धा आटा मोकळा ठेवायचा." त्याचा आवाज अगदी शांत होता. "माझ्या बेफिकिरीने जीव गेला, बाबूजी. आणि मी तेव्हा हसत होतो."

सांगा ना नाना, सांगा! नुसती मूठ उघडायची होती. पण आता सांगितलं तर पोर काय म्हणेल? बाप असून त्याने माझ्या हातून हे करवलं, म्हणेल. आपलं तोंडसुद्धा बघणार नाही. थोड्या वेळाने सांगू, नाना मनाशी म्हणाले. जन्मभर घाई करणारा माणूस नेमकी इथे दिरंगाई करून बसला.

शर्यतीसाठी बापलेक थांबलेच नाहीत. दुपारच्या एसटीने दोघे जळगावला निघाले. अख्ख्या रस्त्यात नानांनी खिशातला हात बाहेर काढला नाही, कारण एसटीच्या प्रत्येक धक्क्याला त्यांना ते घुंगरू वाजेल असं वाटत होतं. अभय खिडकीतून बाहेर बघत होता. एरंडोलच्या पुढे तो म्हणाला, "तुम्ही शब्द दिलाय, बाबूजी." नाना "हो" म्हणाले.

घरी प्रेमकुंवरबाई दारातच उभ्या होत्या, हसतमुख. दोघांचे चेहरे बघून त्यांचं हसू गेलं. "कांई व्हियो?" त्यांनी विचारलं.

पुढच्या व्याख्यानाला नाना भर संघापुढे उभे राहिले आणि त्यांनी आज्ञा दिली. लोकांनी जयजयकार केला, नानांच्या त्यागाची वाखाणणी केली. नानांना ती एकेक शब्दाने भाजत होती. दीक्षेच्या आधी मिरवणूक निघते, जाणारा आपलं सगळं वाटून टाकतो. अभयने घड्याळ दिलं, पेन दिलं, कपडे दिले. गाडी कौतिकच्या हातात ठेवून म्हणाला, "हिला नवं घुंगरू लाव, कौतिकभाऊ. माझ्याकडून पेच ढिला राहिला होता."

कौतिकने नानांकडे पाहिलं. नानांनी मान खाली घातली. कौतिक गाडी छातीशी धरून गर्दीतून निघून गेला आणि त्यानंतर नानांच्या दुकानाची पायरी चढला नाही.

केस उतरले, पांढरी वस्त्रं आली, तोंडावर मुहपत्ती आली. अभयचे अभयमुनी झाले आणि कार्तिकी पुनवेला अनवाणी पायांनी गावाबाहेर पडले. प्रेमकुंवरबाई वेशीपर्यंत मागे चालत गेल्या. तिथून त्यांना धरून आणावं लागलं.

मग वर्षं गेली. नानांची घाई गेली, केस गेले, कोट विटला. घुंगरू मात्र त्या खिशातच राहिलं. काढावं कसं आणि ठेवावं कुठे, त्यांना कधी सुचलंच नाही.

आणि एक दिवस बातमी आली की मुक्ताईनगरकडून साधूंचा विहार येतोय आणि त्यात अभयमुनी आहेत. काल नशिराबादला होते, आज जळगावात. गोचरीला, म्हणजे भिक्षेला, कोणाच्या दारी जायचं ते साधू आधी सांगत नाहीत, त्यांना बोलावताही येत नाही. तरी प्रेमकुंवरबाईंनी भल्या सकाळी फुलके केले, मुगाची डाळ केली, आणि आतल्या खोलीत पाटाशी बसून राहिल्या. कच्च्या, न उकळलेल्या पाण्याला शिवल्या नाहीत, चुलीकडे फिरकल्या नाहीत. घरात सगळं निर्दोष हवं. नाना घरातल्या अंधाऱ्या बोळात भिंतीला टेकून उभे होते. आज सांगायचंच, त्यांनी ठरवलं होतं. आज मूठ उघडायची.

शेजारच्या दारातून आवाज आला, "दया पालो." वंदन करणाऱ्याला साधू हेच म्हणतात. आवाज ओळखीचा होता. प्रेमकुंवरबाईंनी तोंडावर पदर दाबला.

मग दोन साधू बोळात आले. पुढचे वयस्क होते, मागचे अभयमुनी. वाळलेले, उन्हाने काळवंडलेले, नजर जमिनीवर. कुठे पाय पडतोय ते पाहून पाय टाकत होते. बाई फुलके घेऊन खोलीच्या दाराशी आल्या. अभयमुनींनी झोळी उघडून लाकडी पात्र पुढे केलं. आई-मुलात एका हाताचं अंतर राहिलं होतं.

नानांनी खिशातून घुंगरू काढलं. पण बोळात अंधार, पोराला दिसणार कसं? जुनी घाई उसळून आली. उजव्या हाताच्या तळव्यावर घुंगरू होतं. डावा हात सवयीने भिंतीकडे गेला आणि त्यांनी बत्तीचं बटण दाबलं.

लख्ख उजेड पडला.

अभयमुनींची नजर घुंगरावर गेली आणि थांबली. थांबली, नानांनी स्पष्ट पाहिलं. "महाराजसाब, हे त्या दिवशी माझ्या..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. वयस्क साधू हलक्या आवाजात म्हणाले, "असुझतं झालं." म्हणजे या घरचं आता चालणार नाही. पुढे केलेलं पात्र मागे गेलं. अभयमुनींनी झोळी मिटली.

"दया पालो," ते म्हणाले. शेजारच्या दारात म्हणाले होते, तसंच. मग खाली बघत, जपून पाय टाकत बाहेर गेले.

फुलके प्रेमकुंवरबाईंच्या हातातच होते. त्यांनी रिकाम्या दाराकडे पाहिलं. मग त्यांनी नवऱ्याकडे मान वळवली. आवाजात राग नव्हता, नुसतं न कळणं होतं.

"दिवा कशाला लावलात हो?"

नानांनी मूठ मिटली.